फ्लेक्सवर चढलेलं चंद्राचं वय

भांडुपला टेकडीवर चढणारा रस्ता जिथे वळतो, तिथे रिक्षा स्टँडच्या डोक्यावर कायम कुणाचा ना कुणाचा फ्लेक्स असतो. कुणाचा वाढदिवस, कुणाची निवड, कुणाच्या कुत्र्याचा पण वाढदिवस. पण त्या गुरुवारी सकाळी जो लागला, तसला फ्लेक्स भांडुपने आजवर बघितला नव्हता. मागे काळंकुट्ट आकाश, वर पिवळाधमक चंद्र, आणि चंद्राच्या पोटात जान्हवी धुरीचा कॉलेजच्या ओळखपत्रावरचा फोटो. बाजूला गॉगल लावलेल्या सिद्धेश धुरीचा त्याच्या दुप्पट फोटो. खाली लाल अक्षरं: ‘भांडुपची वाघीण कु. जान्हवी दशरथ धुरी हिने शोधून काढले चंद्राचे वय! ३४० कोटी वर्षे! हार्दिक अभिनंदन. शुभेच्छुक: सिद्धेशदादा धुरी व मित्रमंडळ.’

जान्हवी कोथिंबीर आणि पाव घेऊन घरी येत होती. तिने मान वर केली आणि पिशवी हातातून सुटली.

‘‘ताई, अभिनंदन!’’ रिक्षावाला म्हणाला. ‘‘आमच्या रिक्षाचं वय पण सांगा ना एकदा. मालक बोलतो नवीन आहे.’’

तिने पाव उचलले आणि चढ चढायला लागली. रागाने तिचे कान तापले होते. एका फ्लेक्सवर किती चुका असाव्यात माणसाने! एक तर तिने चंद्राचं वय शोधलंच नव्हतं. चंद्र साडेचारशे कोटी वर्षांचा आहे, हे ती जन्मायच्या आधीपासून लोकांना माहीत आहे. ती मोजत होती चंद्रावरच्या एका काळ्या पट्ट्याचं वय, म्हणजे तिथे लाव्हा वाहून थंड होऊन किती काळ झाला ते. दुसरं म्हणजे, शोधून काढलं असं अजून काही झालंच नव्हतं. आणि तिसरी गोष्ट तर कुणाला सांगायची पण सोय नव्हती. तो आकडा चुकलाय की काय, असं तिला कालपासून वाटायला लागलं होतं.

आता ही जान्हवी कोण, ते ऐका. दशरथ धुरी मालवणकडचे, गिरणीत होते. गिरणी बंद पडली तसे भांडुपला येऊन वॉचमन झाले आणि पोरं मोठी व्हायच्या आत गेले. मागे बायको, मुलगा, मुलगी. मुलगा सिद्धेश. दहावीला गणिताने त्याला आडवा केला, तो परत त्या वाटेला गेला नाही. पण माणूस हिमतीचा. केबलच्या वायरी ओढत ओढत आज टेकडीवरच्या अर्ध्या घरांना इंटरनेट त्याचं आहे. खांद्यावर बांबूची शिडी घेऊन गल्लीतून निघाला की लोक बाजूला होतात. आणि मुलगी जान्हवी. टेकडीवरून पीएचडी करायला गेलेली पहिली पोर. पहिली म्हणजे पहिली! दुसरी कोण असेल तर समोर आणा. मुलुंडच्या एका कॉलेजात सकाळी भूगोल शिकवते, दुपारी संशोधन संस्थेत जाऊन चंद्राचे खड्डे मोजते.

हो, खड्डे. चंद्रावर हवा नाही, पाऊस नाही, त्यामुळे वरून दगड आदळून पडलेला खड्डा तसाच्या तसा राहतो. जितकी जमीन जुनी तितका तिने मार खाल्लेला, तितके खड्डे जास्त. काही ठिकाणांहून माणसांनी आणि यानांनी दगड आणलेत, त्यांचं वय प्रयोगशाळेत कळलंय. तिथे खड्डे किती ते पण माहीत आहे. मग त्या हिशेबाने, जिथे कोणी पोचलं नाही तिथले खड्डे मोजायचे आणि वय काढायचं. यानाने काढलेला फोटो लॅपटॉपवर उघडायचा, एकाच लाव्ह्याचा पट्टा आखून घ्यायचा, आणि ठरलेल्या मापाच्या वरच्या प्रत्येक खड्ड्याभोवती गोल काढायचा. एकेक. हाताने. महिनोन्‌महिने.

सिद्धेशने हे एका वाक्यात समजून घेतलं होतं आणि आख्ख्या भांडुपला समजावलं होतं. ‘‘टेबलाचा सनमायका असतो ना? जेवढे ओरखडे, तेवढं टेबल जुनं. माझी बहीण चंद्राचे ओरखडे मोजते. आणि ते फोटो येतात कुठून? माझ्या वायरीतून! फुल स्पीड दिलाय तिला.’’

त्यावर कुणीतरी हमखास म्हणायचं, ‘‘मग आपल्या रस्त्याचं वय काढायला सांग. खड्डे बघून तो चंद्राचा पण बाप निघेल.’’ सगळे हसायचे. जान्हवीला हा विनोद आता इतका पाठ झाला होता की समोरचा तोंड उघडायच्या आत तिला कळायचं.

आकडा फुटला तो जेवताना. पहिली मोजणी पूर्ण झाली, आलेख काढला, तीनशे चाळीस कोटी आलं. इतक्या महिन्यांनी काहीतरी आलं म्हणून ती आनंदात होती. तेवढ्याच आनंदात तिने भाकरी मोडता मोडता आकडा सांगून टाकला. ‘‘पण दादा, अजून ताळा व्हायचाय हं. माझ्याबरोबरचा देवव्रत तोच पट्टा वेगळा मोजतोय. दोघांचं जुळलं तरच मॅडम मानणार.’’

सिद्धेशने आकडा ऐकला. पुढचं त्याच्या कानात गेलंच नाही. तो उठला, हात धुतले आणि थेट मंडळात गेला. मंडळाचा नंदू तेव्हा रविवारच्या संकष्टीची तयारी करत होता. संकष्टीला टेकडीवरचे अर्धे लोक उपाशी असतात. चंद्र उगवेपर्यंत काय करायचं म्हणून मंडळ दर वेळेला काहीतरी कार्यक्रम ठेवतं. भजन, लहान मुलांचे डान्स, गेल्या महिन्यात डोळे तपासणी. नंदूला नवीन काहीतरी पाहिजेच होतं. चंद्राची वाट बघताना चंद्राचं वय काढणारीचा सत्कार! नंदू म्हणाला, ‘‘सिद्धेश, झकास! यासारखी संकष्टी दुसरी होणार नाही.’’

फ्लेक्स त्याच आठवड्यात छापून आला.

त्या गुरुवारी दुपारी जान्हवी संस्थेत पोचली तेव्हा देवव्रत तिची वाटच बघत होता. एका कोपऱ्यात जुळत नाही, एवढं त्याने कालच फोनवर सांगितलं होतं. देवव्रत बोरीवलीचा, शांत पोरगा, उगाच चढून बोलणारा नाही. त्याने दोघांची मोजणी एकाच फोटोवर एकावर एक टाकली होती. तिचे गोल लाल, त्याचे निळे.

‘‘अगं, हे बघ. बाकी सगळीकडे आपलं जवळपास जुळतंय. पण या कोपऱ्यात तुझे लालच लाल आहेत. मी इथले घेतलेच नाहीत.’’

‘‘का नाही घेतलेस? खड्डे आहेत ना?’’

‘‘खड्डे आहेत गं. पण रांगेत आहेत. बघ, अशी साखळी जातेय. आणि उथळ आहेत. तू जो फोटो वापरलास त्यात सूर्य फार खाली आहे, सावल्या लांब पडल्यात. त्यामुळे बशी पण विहिरीसारखी दिसते.’’

जान्हवीने त्याचा फोटो उघडला. त्यात ऊन वरून होतं. तिच्या खोल विहिरी तिथे खरोखर बशा झाल्या होत्या. आणि साखळी सरळ एका मोठ्या खड्ड्याकडे बोट दाखवत होती. हे तिला माहीत नव्हतं असं नाही. मोठा दगड आदळला की तिथली माती-दगड उडतात, ते लांब जाऊन पडतात आणि त्यांचे पण खड्डे होतात. ते मोजायचे नसतात. दगड एकच पडलेला असतो, बाकी नुसते शिंतोडे. पहिल्याच वर्षी मॅडमनी शिकवलं होतं. मुलांना ती स्वतः शिकवते. तरी तिने ते मोजले होते, कारण त्या सावलीत प्रत्येक जण अस्सल दिसत होता.

‘‘हे काढले तर किती होतं?’’ तिने विचारलं.

‘‘तीनशेच्या आसपास. पण माझं पण पक्कं नाही. माझ्या उन्हात बारके दिसतच नाहीत. कदाचित मी कमी मोजलेत.’’

म्हणजे तुझं पण नाही, माझं पण नाही. जान्हवीला वाटलं लॅपटॉप खिडकीतून खाली टाकावा.

तेवढ्यात तिच्या गाइड कुंदा मॅडम आत आल्या. हातात मोबाईल. त्यांनी तो टेबलावर ठेवला. पडद्यावर फ्लेक्स होता. सिद्धेशचा गॉगल स्पष्ट दिसत होता.

‘‘माझ्या भाचीने पाठवला,’’ मॅडम म्हणाल्या. ‘‘ती भांडुपला राहते. जान्हवी, ताळा व्हायच्या आधी आकडा रस्त्यावर?’’

‘‘मॅडम, दादाने लावलाय. मी घरात फक्त...’’

‘‘मला समजतं. माझ्या भावाने मी डॉक्टर झाल्यावर वाडीत सांगितलं होतं, आता ताप आला की कुंदाकडे जा. पण बंगळूरच्या परिषदेत या पट्ट्यावर कोण बोलणार ते मला सोमवारी कळवायचंय. तिथे कोणी विचारलं की तुमच्या विद्यार्थिनीने आधीच आकडा जाहीर केलाय आणि आता दुसरा सांगतेय, तर मी काय उत्तर देऊ? तो आकडा जिथे लागलाय तिथून खाली आला पाहिजे. तू स्वतः खाली आण.’’

जान्हवी घरी आली ती तणतणत. सिद्धेश दारातच वायर गुंडाळत बसला होता. आई आत वाटण वाटत होती.

‘‘दादा, तो फ्लेक्स काढ.’’

‘‘का? फोटो चांगला नाही आला? मी बोललो होतो छापणाऱ्याला, जरा गोरी कर.’’

‘‘आकडा चुकलाय.’’

वायर सिद्धेशच्या हातातच राहिली. ‘‘चुकला म्हणजे? तूच बोललीस ना?’’

‘‘बोलले. ताळा व्हायचाय हे पण बोलले होते. जास्त मोजलेत मी. जे नको होते ते पण मोजले.’’

‘‘जास्त ना? कमी तर नाही? मग काय बिघडलं! जास्त मोजले म्हणजे मेहनत जास्त दिसते.’’

‘‘अरे मेहनत नाही मोजत कोण!’’ जान्हवी ओरडलीच. मग तिने त्याला हाताला धरून आत ओट्यापाशी नेलं. भिंतीच्या पांढऱ्या लादीवर तेलाचे पिवळे ठिपके होते. ‘‘हे बघ. आईने आज एकच फोडणी दिली. कढीपत्ता टाकला तेव्हा तेल उडालं. किती ठिपके आहेत? आता तू प्रत्येक ठिपका एकेक फोडणी धरलीस, तर म्हणशील ही लादी महिनाभर पुसलेली नाही. तेच केलंय मी. शिंतोडे मोजलेत!’’

आईने पाट्यावरून मान वर केली. ‘‘लादी मी काल पुसलंय हां. उगाच माझा नाव घेव नको.’’

सिद्धेश लादीकडे बघत राहिला. त्याला कळलं होतं, ते त्याच्या तोंडावर दिसत होतं. पण कळणं वेगळं आणि मानणं वेगळं. ‘‘जानू, नंदूने सगळ्यांना सांगितलंय. शाल आणलीय. आता फ्लेक्स उतरवला तर स्टँडवरचे काय बोलतील? धुरींनी फुकटचा ढोल वाजवला. मी रोज तिथूनच जातो. तू तीनशे चाळीसच सांग ना रविवारी. तिथे कोण बसलाय चंद्रावर जाऊन मोजायला?’’

‘‘मी बसलेय!’’ ती म्हणाली. ‘‘मीच बसलेय ना रे दीड वर्ष!’’

त्यानंतर दोघं बोलले नाहीत. आईने मध्ये पडून बघितलं, ‘‘आधी चार घास खा गो, चंद्र खंय पळान जाता?’’ पण जान्हवीने ताट सरकवलं.

शनिवारी तिला सुट्टी होती. सकाळपासून ती परत मोजायला बसली. दोन्ही फोटो शेजारी शेजारी. सावलीचा एक, उन्हाचा एक. दर खड्ड्याला स्वतःला विचारायचं, तू अस्सल की उडालेला? काही सरळ सांगायचे. काही मात्र काही केल्या सांगायचे नाहीत. गोल, नीटनेटके, रांगेच्या जवळ पण रांगेत नाहीत. घेतला तर पट्टा जुना होतो, सोडला तर तरुण होतो. डोळे इतके ताणले गेले की खड्डे उलटे दिसायला लागले. खोल होते ते टेंगळासारखे वर आले. तिने डोळे मिटले, उघडले, पडदा तिरका केला. टेंगळं तशीच.

‘‘श्शी! मरू दे!’’ तिने माउस आपटला.

सिद्धेश मागे कधी येऊन उभा राहिला होता कोण जाणे. बोलायचं तर नव्हतं, पण राहवलं पण नाही. ‘‘ऊठ. मी मोजतो. त्यात काय एवढं? आख्ख्या टेकडीच्या वायरी माझ्या डोक्यात आहेत.’’

तिने खरंच खुर्ची सोडली. एक लहानसा चौकोन आखून दिला. ‘‘मोज. शिंतोडे सोडून.’’

सिद्धेश बसला. पहिली पाच मिनिटं जोरात. ‘‘हा. हा. हा पण. सोप्पं आहे गं.’’ मग आवाज बारीक झाला. मग नुसतंच तोंड हलायला लागलं. संपल्यावर त्याने मोठ्या रुबाबात आकडा सांगितला. जान्हवी म्हणाली, ‘‘आता परत मोज.’’ परत मोजलं तर आकडा वेगळा. तो चिडला. तिसऱ्यांदा मोजलं, तिसराच आकडा.

‘‘मगाशी हा इथे होता ना? कुठे गेला?’’

‘‘आहे तिथेच. मगाशी तू त्याला धरलास, आता सोडलास.’’

‘‘अरे पण हा खड्डा आहे की नाही, काहीतरी एक सांग ना बाबा!’’ सिद्धेश पडद्यावर बोट आपटून चंद्राशीच भांडायला लागला. ‘‘वायर तुटली तर तुटलेली दिसते. याचं ना तुटलेलं दिसत, ना जोडलेलं. डोकं फिरलं माझं. तू रोज हे करतेस?’’

‘‘रोज.’’

‘‘आणि नंतर तो बोरीवलीवाला येऊन बोलतो, चुकलं?’’

‘‘तो चांगलं करतो. त्याने नसतं सांगितलं तर मी चुकीचंच घेऊन बंगळूरला गेले असते.’’

सिद्धेश उठला, चप्पल घातली आणि निघून गेला. जान्हवीला वाटलं, पटलं असेल. पण संध्याकाळी ती दूध आणायला खाली गेली तर फ्लेक्स जागच्या जागी. गॉगलसकट. तिला रडूच आलं. वाघीण म्हणे.

रविवारी टेकडीवर मंडळासमोर खुर्च्या मांडल्या. उपाशी माणसं, साबुदाण्याच्या खिचडीचा वास, आणि सगळ्यांच्या माना पूर्वेला, खाडीच्या बाजूला. ढग होते. चंद्राचा पत्ता नव्हता. नंदूने माइक घेतला.

‘‘आपल्या मातीची लेक, जिने जगाला सांगितलं की चंद्राचं वय तीनशे चाळीस कोटी वर्षं! जोरदार टाळ्या!’’

टाळ्या झाल्या. शाल झाली, नारळ झाला. सिद्धेश पुढच्या रांगेत होता, पण मान खाली. जान्हवीने माइक घेतला. नारळ काखेत मारलेला.

‘‘तो आकडा चुकीचा आहे,’’ ती म्हणाली.

नंदू हसला. त्याला वाटलं लाजतेय.

‘‘खरंच चुकीचा आहे. पहिलं म्हणजे ते चंद्राचं वय नाही, त्याच्यावरच्या एका पट्ट्याचं आहे. आणि ते पण मी चुकीचं मोजलं. मोजायचे नाहीत असे खड्डे मोजले. खरा आकडा किती, मला आज माहीत नाही. परत मोजतेय. तो फ्लेक्स उतरवा, एवढीच विनंती आहे.’’

मागून एक म्हातारी म्हणाली, ‘‘ताई, ते असू दे. पण चंद्र आज उगवणार ना? माझ्या गोळ्या आहेत जेवणानंतरच्या.’’

हशा पिकला. मग रिक्षा स्टँडवाल्यांपैकी एक जण ओरडला, ‘‘सिद्धेशदादा, मग ते तीनशे चाळीस कोटी गेले कुठे?’’ आणखी हशा. आता दादा उठणार आणि कुणाची तरी कॉलर धरणार, हे जान्हवीला माहीत होतं. लहानपणापासून बघितलेलं.

सिद्धेश उठलाच. पण त्याने कॉलर धरली नाही. खुर्चीमागे ठेवलेली शिडी खांद्यावर घेतली आणि उतार उतरायला लागला. अर्धी माणसं मजा बघायला त्याच्यामागे. जान्हवी पण शाल सावरत धावली. स्टँडवर शिडी लागली, सिद्धेश चढला. खिशातून गुंडाळलेला पांढरा कागद काढला. छापलेला होता. शनिवारी बाहेर पडला तो हे छापून घ्यायला गेला होता, पण लावायची हिंमत तिने माइकवर बोलेपर्यंत झाली नव्हती. त्याने तो ‘३४० कोटी वर्षे’च्या बरोब्बर वर चिकटवला. चारी बाजूंनी चिकटपट्टी मारली.

‘मोजणी चालू आहे.’

‘‘हां, बघा!’’ शिडीवरूनच तो गरजला. ‘‘कोण हसत होता मगाशी? मी काल त्या खड्ड्यांसमोर बसलोय. एक चौकोन, तीन वेळा मोजला, तीन आकडे! दुसरा कोणी असता तर शाल घेऊन गप्प घरी गेला असता. माझ्या बहिणीने माइकवर सांगितलं, चुकलं. भरल्या मंडळात! असली माणसं किती आहेत भांडुपमध्ये? हात वर करा!’’

‘‘दादा, खाली उतर,’’ जान्हवी दात आवळून म्हणाली. ‘‘आणि वर ‘चंद्राचे वय’ तसंच आहे. ‘शोधून काढले’ पण तसंच आहे. मी आख्खा फ्लेक्स उतरवायला सांगितलं होतं!’’

‘‘आख्खा कसा उतरवणार? तुझा फोटो आहे त्याच्यावर.’’

‘‘तुझा आहे म्हण.’’

‘‘माझा पण आहे,’’ तो म्हणाला.

तेवढ्यात वरून मंडळाची घंटा वाजली. चंद्र दिसला होता. गर्दी एका क्षणात फिरली आणि आरतीला पळाली. स्टँडवर दोघंच राहिली. ढगातून अर्धवट बाहेर आलेल्या त्या तांबूस चंद्राकडे जान्हवीने बघितलं. तिचा पट्टा कुठे आहे ते तिला डोळे मिटून सांगता आलं असतं. किती जुना आहे ते नाही.

सोमवारी मॅडमनी नाव कळवलं. देवव्रतचं. तो दोघांचेही आकडे दाखवणार आणि सांगणार, फोटोतल्या उन्हामुळे किती फरक पडतो ते. जान्हवीचं नाव त्याच्या नावाशेजारी राहील, पण उभी ती राहणार नाही. मॅडम म्हणाल्या, ‘‘कागद चिकटवलेला फोटो पण आला मला. बरं केलंस. तिसरी मोजणी कधी देतेस?’’ जान्हवीला बरं वाटायला पाहिजे होतं. नाही वाटलं. बंगळूर गेलंच होतं.

घरी येऊन तिने आपल्या प्रतीवरचे सगळे गोल पुसले. लाल, निळे, सगळे. कोऱ्या पट्ट्यावर पहिला खड्डा धरला आणि तिथेच अडली. अस्सल की उडालेला? खिडकीतून वाऱ्याबरोबर फडफड ऐकू येत होती. तिने वाकून बघितलं. खाली वळणावर कागदाचा एक कोपरा सुटला होता आणि त्याच्याखालून लाल ‘३४०’ डोकं बाहेर काढत होतं.

‘‘दादा!’’ ती किंचाळली. ‘‘आकडा दिसतोय परत!’’

‘‘आलो, आलो!’’ पलीकडच्या गच्चीवरून, कुणाच्या तरी वायरीत हात घातलेला सिद्धेश ओरडला. ‘‘तू मोज. तुझ्या आकड्याचं मी बघतो.’’